हिंगणघाटचा कापूस आणि ग्रेडरचा हात

सॉफ्टवेअरच्या धंद्यात एक बरं असतं. टेस्ट एकदा नीट लिहिली की हजार वेळा चालवा, कोड तोच असेल तर उत्तरही तेच येतं. टेस्ट केसला झोप येत नाही, भूक लागत नाही, आणि कोड कुठल्या मॅनेजरच्या टीमचा आहे हे बघून ती पास-नापास ठरवत नाही. (अपवाद असतात, पण तो दुसऱ्या एखाद्या वीकेंडचा विषय.)

आता कल्पना करा की टेस्टर म्हणजे हाडामांसाचा माणूस आहे, आणि तोही त्याच्या डोक्यासाठी नाही तर जिभेसाठी, नाकासाठी किंवा बोटांसाठी नेमलेला. चहाच्या कंपन्यांत अशी माणसं असतात. बिस्किटं, मसाले, अत्तरं, सगळीकडे असतात. नवी बॅच जुन्या बॅचसारखीच लागते का, पुरवठादार बदलला तर ग्राहकाला कळेल का, हे सांगणं त्यांचं काम. या प्रकाराला सेन्सरी टेस्टिंग म्हणतात आणि अशा माणसांच्या गटाला पॅनेल. पॅनेलवर माणसं कशी निवडायची, त्यांना कसं तयार करायचं, याचं आयएसओ ८५८६ नावाचं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे. आपल्या भारतीय मानक संस्थेनंसुद्धा खाद्यपदार्थांच्या अशा तपासणीसाठी १९७१ सालीच आयएस ६२७३ हे मार्गदर्शक काढलं होतं.

गेले काही दिवस हे सगळं वाचताना मला मात्र चहा आठवत नव्हता, कापूस आठवत होता. आजोळ वर्धा जिल्ह्यातलं असलं की हे होणारच! तिकडे 'ग्रेडर' हा शब्द शाळेत न गेलेल्या म्हाताऱ्यालाही माहीत असतो. ग्रेडर म्हणजे कापूस डोळ्यांनी बघून, हातानं चाचपून त्याची प्रत ठरवणारा माणूस. चहाचा टेस्टर चुकला तर एक बॅच वाया जाते. ग्रेडर चुकला तर एका घराचं अख्खं वर्ष हलतं. म्हणजे माणसाच्या इंद्रियांवर इतका मोठा भार टाकणारं पॅनेल आपल्या शेजारीच होतं, आणि त्यावरचा माणूस कसा निवडावा हा प्रश्न मात्र क्वचितच कुणी शास्त्राच्या भाषेत विचारला.

आधी थोडं शास्त्र बघू, मग वर्ध्याला जाऊ.

संख्याशास्त्र शिकलेल्यांना रोनाल्ड फिशरची चहाची गोष्ट माहीत असेल. १९२० च्या दशकात इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात म्युरिएल ब्रिस्टल नावाच्या बाई म्हणाल्या, कपात दूध आधी ओतलं की चहा आधी ओतला हे मला चवीवरून कळतं. फिशर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हसण्यावारी न नेता याची परीक्षा मांडली. आठ कप, चार असे आणि चार तसे, क्रम उलटसुलट. आठांतून चार निवडायच्या ७० रीती होतात, म्हणजे निव्वळ अंदाजपंचे सगळं बरोबर येण्याची शक्यता ७० त एक. फिशरनं १९३५ च्या आपल्या पुस्तकात हीच परीक्षा उदाहरण म्हणून घेतली आणि प्रयोग कसा आखावा याचा तो धडाच झाला.

या गोष्टीत मला आवडतं ते असं, की बाईंना 'तुमचा अनुभव किती वर्षांचा' असं कुणी विचारलं नाही. 'तुम्ही मोठ्या तज्ज्ञ आहात का' असंही नाही. कप समोर ठेवले आणि म्हणाले, सांगा. पुढे १९४० च्या दशकात डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग बिअर कारखान्यातल्या मंडळींनी याहून सुटसुटीत परीक्षा वापरात आणली. तीन नमुने द्यायचे, दोन सारखे आणि एक वेगळा. वेगळा ओळखा. नशिबानं बरोबर येण्याची शक्यता तीनात एक. दहा-वीस वेळा केलं की नशीब बाजूला पडतं आणि जीभ उरते.

आजची निवड याच वाटेनं जाते. हवी असतात त्याच्या दोन-तीन पट माणसं बोलवायची. रंग पारखायचे असतील तर रंगांधळेपणाची तपासणी करायची. मग मूळ चवी आणि वास ओळखता येतात का, कमी-जास्त तीव्रतेचे नमुने क्रमानं लावता येतात का, आणि जे जाणवलं ते शब्दांत सांगता येतं का, हे बघायचं. त्यानंतर प्रशिक्षण. आणि सगळ्यात महत्त्वाचं, निवड झाली की विषय संपत नाही. तोच नमुना वेगळ्या आकड्याखाली परत परत समोर ठेवून माणूस स्वतःशी सहमत आहे का, हे कायम तपासत राहायचं. आपल्या भाषेत रिग्रेशन टेस्टिंग, फक्त कोडचं नाही तर टेस्टरचं!

अजून एक नियम. तयार केलेल्या परीक्षकाला 'फरक आहे का, किती आहे' हे विचारायचं, 'आवडलं का' हे विचारायचं नाही. आवडीचा प्रश्न साध्या गिऱ्हाइकांसाठी. अमेरिकेच्या सैन्यानं जवानांच्या जेवणासाठी १९४० च्या दशकाच्या अखेरीला आवडीची नऊ पायऱ्यांची पट्टी तयार केली, ती अशा साध्या माणसांसाठीच. योगायोग बघा, आहाराचा एक गाजलेला प्रयोग त्याआधी वर्ध्यातच चालला होता. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, जे. सी. कुमारप्पा त्याचे सचिव झाले, आणि जमनालाल बजाजांनी दिलेल्या मगनवाडीत त्याचं ठाणं पडलं. १९३६ मध्ये शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, जाईपर्यंत गांधीजी तिथेच राहत होते. सोयाबीन, कच्चा पाला, हातसडीचे तांदूळ, सगळ्याचे प्रयोग तिथल्या पंगतीत झाले. पण आश्रमाच्या व्रतांपैकी एक होतं अस्वाद, म्हणजे चवीसाठी न खाणं. पोषणाच्या प्रयोगाला ही पंगत उत्तम. 'कसं लागतंय' हे विचारायला मात्र भारतातलं सगळ्यात निरुपयोगी पॅनेल! कुठला प्रश्न कुणाला विचारायचा, हे ठरवणं हासुद्धा निवडीचाच भाग असतो.

असो. आता कापूस.

वर्धा जिल्हा १८६२ साली नागपूरपासून वेगळा झाला. त्या वेळी जगात कापसाचं काय चाललं होतं ते आठवा. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी, तिकडचा कापूस बंद, मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी, आणि सगळ्यांच्या नजरा हिंदुस्थानकडे. हिंदुस्थानी कापसाचं नाव तेव्हा फार चांगलं नव्हतं. आखूड धागा, कचरा, वाळू, सरकी, वजन वाढवायला मारलेलं पाणी. मुंबई सरकारनं कापसातल्या भेसळीविरुद्ध १८२९ मध्ये आणि परत १८६३ मध्ये कायदा केला होता, यावरून रोग किती जुना ते कळतं.

या सगळ्या गर्दीत एक नाव वेगळं होतं. हिंगणघाट. वर्धा खोऱ्यातल्या काळ्या जमिनीत पिकणारा 'बनी' जातीचा देशी कापूस व्यापारात हिंगणघाटी म्हणून ओळखला जायचा. देशी कापसात त्याचा धागा लांब आणि तलम. त्याला दाम चांगला मिळायचा. मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी सरकारनं खास कॉटन कमिशनर नेमला, हॅरी रिव्हेट-कार्नॅक, आणि त्याचं बरंचसं लक्ष या भागावर होतं. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. १८७७ च्या १ जानेवारीला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. गिरणी मुंबईत न काढता कापसाच्या दारात काढावी हा त्यांचा हिशेब होता, आणि त्या दारातलं एक मोठं नाव हिंगणघाट होतं. पुढे खुद्द हिंगणघाट आणि पुलगावलाही गिरण्या उभ्या राहिल्या.

म्हणजे ब्रँड होता, गिऱ्हाईक होतं, रेल्वे होती. तरीही पन्नासेक वर्षांत बनी जवळजवळ शेतातून गेला. का?

सरळ कारण असं. बनीचं उत्पन्न कमी आणि रुईचा उतारा कमी. म्हणजे तेवढ्याच कापसातून सरकी जास्त निघणार आणि रुई कमी. त्याच्या जागी आला जरी, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मध्य प्रांताच्या शेती खात्यानंच पसरवलेला रोझियम. आखूड, जाडाभरडा, पण भरपूर रुई देणारा. जपानच्या गिरण्यांना तर असा आखूड कापूस हवाच होता.

हिशेब करून बघा (आकडे फक्त उदाहरणादाखल). शंभर किलो कापसातून एका जातीची २७ किलो रुई निघते आणि दुसऱ्या जातीची ३८ किलो. पहिल्या जातीच्या शेतकऱ्याला नुसती बरोबरी साधायची तर त्याच्या रुईला ४० टक्के जास्त भाव हवा. एकरी उत्पन्नातला फरक धरला तर आणखी जास्त. आता हा जास्तीचा भाव त्याला कुणी द्यायचा? बाजारात त्याच्या बंडीजवळ उभा राहून 'हा माल खरोखर लांब धाग्याचा आहे, मिसळलेला नाही' असं जो खात्रीनं सांगू शकतो, त्याच्या सांगण्यावर. ती खात्री जितकी कमी, तितका भाव सरासरीकडे घसरणार. आणि सरासरी भावात चांगला माल पिकवणारा हा मूर्ख ठरतो.

अर्थशास्त्र वाचणाऱ्यांना इथे जॉर्ज ॲकरलॉफ आठवेल. जुन्या मोटारींच्या बाजारावरचा त्याचा १९७० चा निबंध, ज्यासाठी पुढे २००१ मध्ये त्याला नोबेल मिळालं. गिऱ्हाइकाला चांगली गाडी आणि भंगार यातला फरक कळत नसेल तर तो मधला भाव देतो, मधल्या भावात चांगली गाडी कुणी विकत नाही, आणि बाजारात भंगारच उरतं. बनी फक्त याच कारणानं गेला असं नाही, उत्पन्नाचं कारण खरंच होतं. पण पारख ढिली असली की उत्पन्नाचं पारडं आणखी जड होतं. सरकारलाही हे उमगलं होतं. १९१७ मध्ये नेमलेल्या इंडियन कॉटन कमिटीच्या शिफारशींनंतर १९२३ मध्ये कापसाच्या वाहतुकीचा कायदा आला. चांगल्या भागात बाहेरचा हलका कापूस आणायचा, तिथल्या मालात मिसळायचा आणि तिथल्या नावानं विकायचा, हा उद्योग थांबवणं हाच त्याचा हेतू. १९२५ मध्ये जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांसाठी वेगळा कायदा झाला. पारखणारा माणूस पुरत नाही म्हटल्यावर रेल्वे आणि कारखाने बांधून घेतले!

पण बाजारात नेमकं काय व्हायचं? जुन्या बाजारांत भाव ठरवायची एक रीत होती. दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबायचे. कुठलं बोट, किती बोटं, त्यावर भाव. ज्याचा माल, तो शेतकरी शेजारी उभा, पण त्याला भाव कळायचा सगळ्यात शेवटी. वऱ्हाडात कारंज्याला १८८६ मध्ये देशातला पहिला नियंत्रित बाजार झाला, १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा आला, १९२८ मध्ये शेतीविषयक रॉयल कमिशननं असे बाजार सगळीकडे करा म्हणून सांगितलं, आणि १९३२ मध्ये मध्य प्रांतातही कापूस बाजाराचा कायदा झाला. रुमाल जाऊन उघडा हर्रास यायला इतका काळ लागला.

आता हे सेन्सरी टेस्टिंगच्या चष्म्यातून बघा. पॅनेलसमोर नमुना ठेवताना त्यावर तीन आकडी काहीतरी नंबर टाकतात. कंपनीचं नाव नाही, किंमत नाही, मागच्या वेळचा निकाल नाही. कारण नाव कळलं की जीभ बदलते. माणूस खोटं बोलत नसतो, त्याला खरंच वेगळं लागतं. म्हणजे झाकायचं ते नमुन्याच्या मालकाचं नाव, आणि उघडा ठेवायचा तो निकाल. रुमालाच्या बाजारात बरोबर उलटं होतं. मालक उघडा, निकाल झाकलेला. बंडी पाटलाची आहे की कर्जात बुडालेल्या कुळाची, हे सगळ्या जगाला दिसत होतं. दिसत नव्हता तो फक्त भाव.

रुमाल गेला, निकाल उघडा झाला. पण मालक झाकला गेला का?

१९७२ मध्ये महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. तिचा कायदा १९७१ चा. व्यापाऱ्याच्या तावडीतून शेतकऱ्याला सोडवायचं, हमीचा भाव द्यायचा, आणि सगळा कापूस सरकारच्या वतीनं एकाच यंत्रणेनं घ्यायचा. आधी राज्य सहकारी पणन महासंघ आणि १९८४ पासून स्वतंत्र कापूस पणन महासंघ हे काम बघायचा. हेतू चांगलाच होता. पण भाव प्रतीवर ठरणार, आणि प्रत ठरवणार संकलन केंद्रावरचा ग्रेडर. बाजारात चार खरेदीदार असतात, एकाला माल हलका वाटला तर दुसऱ्याला बरा वाटू शकतो. इथे गिऱ्हाईक एकच आणि त्याचे डोळे दोनच. २००२ नंतर खाजगी खरेदीला मोकळीक मिळाली आणि मक्तेदारी संपली, पण तीस वर्षं विदर्भातल्या कापूसवाल्याचं नशीब या दोन डोळ्यांशी बांधलेलं होतं.

ग्रेडरचं काम सोपं नसतं हेही सांगायला हवं. माझ्या मामांनी मला लहानपणी दाखवलं होतं. मूठभर कापूस घ्यायचा, कानाजवळ नेऊन दाबायचा. "कोरडा कापूस बोलते, ओला गप्प रायते." मग एक सरकी दातांखाली. कट्कन फुटली तर कापूस वाळलेला, नुसती दबली तर ओल आहे. मग धाग्याची लांबी. चिमूटभर रुई दोन्ही हातांच्या अंगठ्या-बोटांत धरून ओढायची, अर्धी टाकून द्यायची, उरलेल्यातून थोडे थोडे तंतू ओढून एकावर एक रचत जायचं, टोकं सरळ होईपर्यंत. मग शर्टाच्या गडद बाहीवर ठेवून बघायचं. तयार हाताचे पारखी इंचाच्या बत्तिसाव्या भागापर्यंत लांबी सांगतात, म्हणजे पाऊण मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त. त्याशिवाय पांढरेपणा, पिवळी झाक, पत्ती आणि कचरा, कवडी, म्हणजे किडीनं वा पावसानं खराब होऊन घट्ट झालेल्या पाकळ्या. आणि फरदडीचा माल की पहिल्या वेचणीचा, हे तर लांबूनच.

प्रश्न हाताच्या कसबाचा नाहीच. प्रश्न आहे की त्या हाताला कुठल्या परिस्थितीत बसवलंय. पॅनेलच्या पुस्तकात मानवी चुकांची एक यादी असते. ती घेऊन केंद्राच्या आवारात चक्कर मारू.

पहिली, तुलनेची चूक. अगदी घाण नमुन्यानंतर मध्यम नमुना छान वाटतो, आणि उत्तम नमुन्यानंतर तोच मध्यम नमुना भिकार. म्हणून पॅनेलमध्ये प्रत्येकाला नमुने वेगळ्या क्रमानं देतात. आवारात बंड्यांचा क्रम रांगेचा. तुमच्या पुढे कोण उभा आहे यावर तुमची प्रत थोडी हलणार.

दुसरी, थकवा. जीभ पाच-सहा नमुन्यांनंतर मंदावते म्हणून मध्ये विश्रांती देतात. हंगामात केंद्रावर बंड्या आणि ट्रॅक्टर दिवसदिवस उभे असायचे.

तिसरी, उजेड. कापूस पारखायच्या खोल्यांना उत्तरेकडून उजेड घेत, कारण त्या बाजूचा उजेड दिवसभर एकसारखा राहतो. पुढे ठरावीक दिवे आले. आवारात सकाळचं ऊन वेगळं, संध्याकाळचं पिवळं ऊन वेगळं. आणि पारखायचं काय, तर पिवळी झाक!

चौथी, मधल्या आकड्याची ओढ. शंका आली की माणूस टोकाची प्रत टाळतो. त्याचा फटका सगळ्यात चांगल्या मालाला बसतो.

पाचवी आणि सगळ्यात मोठी, अपेक्षा. नमुन्याचा मालक समोर उभा. त्याचे कपडे दिसतात, त्याच्याबरोबर कोण आलंय ते दिसतं. ग्रेडर कितीही सरळ असू दे, त्याला हे न बघण्याची सोयच नव्हती. ग्रेडर लाच खातो की नाही यावर पारावर खूप बोललं जायचं. पण मला वाटतं, ती चर्चा अर्धीच आहे. पूर्ण प्रामाणिक माणूसही या जागी बसवला तर तो चुकेल, आणि त्याला ते कळणारही नाही. जी व्यवस्था फक्त संत निवडला तरच चालते, ती व्यवस्था नीट डिझाइन केलेली नाही, हे आपण ऑफिसात रोज म्हणतो.

मग ग्रेडर निवडायचा कसा? इथे एक जुनी, थोडी दुःखी गोष्ट उपयोगाची आहे. १७९६ साली ग्रीनिचच्या वेधशाळेत मॅस्केलिन या मुख्य खगोलज्ञानं किन्नब्रुक नावाच्या मदतनिसाला काढून टाकलं. तारा दुर्बिणीतल्या तारेवरून कधी सरकला ती वेळ नोंदवायचं त्याचं काम, आणि त्याच्या नोंदी मॅस्केलिनपेक्षा जवळजवळ ०.८ सेकंदानं मागे पडत. बिचाऱ्याची नोकरी गेली. पंचवीसेक वर्षांनी बेसेल या जर्मन खगोलज्ञानं ही नोंद वाचून वेगळाच विचार केला. त्यानं स्वतःची आणि इतर नामांकित निरीक्षकांची तुलना केली, तर प्रत्येकात फरक! म्हणजे किन्नब्रुक निष्काळजी नव्हता, त्याचं 'उपकरण' वेगळं होतं. आणि फरक जर कायम तेवढाच असेल तर तो सरळ वजा करता येतो.

ग्रेडरची निवड मला इथे दिसते. एक ग्रेडर कडक आहे, सगळ्यांना एक पायरी खाली टाकतो. हरकत नाही, मोजा आणि वजा करा. दुसरा सरासरीनं अगदी बरोबर आहे, पण तोच ढीग सकाळी वर आणि दुपारी खाली टाकतो. त्याचं काहीच करता येत नाही. आपण बायस आणि व्हेरियन्स म्हणतो ते हेच. पहिला माणूस निवडायचा, दुसरा नाही, भले दुसऱ्याविषयी तक्रारी कमी का असेनात. आणि हे कळायला मुलाखत नको, डिग्री नको. वीस ढिगांचे नमुने घ्या, नंबर टाका, प्रत्येक नमुना दोनदा वेगवेगळ्या नंबरनं समोर ठेवा. एका दुपारचं काम. मग दर महिन्याला परत.

यावर कुणी म्हणेल, आता यंत्रं आहेत की. आहेतच, आणि त्यातला एक इतिहास आपल्या मुंबईचा आहे. १९२४ मध्ये माटुंग्याला कापसाची टेक्नॉलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली, आज ती सिरकॉट म्हणून ओळखली जाते. पारख्याचं बोट काय सांगतं यापेक्षा प्रत्यक्ष सूत कातल्यावर काय निघतं, हे तिथे मोजू लागले. लांबी मोजायची उपकरणंही तिथे घडली. १९२४ मध्येच अमेरिका आणि युरोपच्या बाजारांनी कापसाच्या प्रतींचे एकसारखे प्रमाण नमुने मान्य केले, म्हणजे वादच झाला तर दोन माणसांच्या आठवणींत नाही तर पेटीतल्या कापसाशी तुलना करायची. पुढे एचव्हीआय यंत्रं आली. लांबी, ताकद, तलमता, रंग, कचरा, सगळं एका फटक्यात. अमेरिकेनं १९९१ पासून आपला सगळा कापूस त्यावर मोजायला सुरुवात केली.

पण एक अडचण आहे. ते यंत्र रुई मोजतं. शेतकरी विकतो तो सरकीसकट कापूस. म्हणजे यंत्राचा निकाल येतो तेव्हा माल शेतकऱ्याच्या हातून कधीच गेलेला असतो, आणि त्या निकालाचा फायदा जिनवाला आणि गिरणी यांच्यातल्या सौद्याला होतो. शेतकऱ्याच्या बाजूला आजही आर्द्रतामापक आहे (सीसीआयच्या हमीभाव खरेदीत ८ टक्क्यांच्या वर कपात, १२ च्या वर माल परत), आणि बाकी डोळे आणि हात. हिंगणघाटची बाजार समिती आज विदर्भातल्या मोठ्या कापूस बाजारांपैकी एक आहे, आणि तिथल्या हर्रासातही खरेदीदार ढिगात हात घालूनच बोली लावतो. यंत्र आलं, पण जिथे सगळ्यात दुबळा माणूस उभा आहे त्या टोकापर्यंत ते आलंच नाही.

आणि या सगळ्या साखळीत एक परीक्षक असा आहे की ज्याची कुणी निवडही केली नाही आणि ज्याला कुणी परीक्षक म्हटलंही नाही. वेचणीच्या बाया. पऱ्हाटीच्या प्रत्येक बोंडापाशी त्यांचीच बोटं पहिली पोचतात. हे पांढरं, हे कवडी, हे अजून ओलं, याला पत्ती लागली, हा निर्णय त्या दिवसातून हजारो वेळा करतात. कुठल्याही ग्रेडरपेक्षा जास्त नमुने त्यांच्या हाताखालून जातात, आणि तेही मालकाकडे बघून नाही तर बोंडाकडे बघून. पण त्यांची मजुरी किलोवर. सावकाश, निवडून वेचलं तर किलो कमी भरतात आणि पैसे कमी मिळतात. म्हणजे सगळ्यात चांगल्या पॅनेलला आपण सांगून ठेवलंय की बाई, तुला फरक कळतो हे माहीत आहे, पण तो दाखवलास तर तुझीच मजुरी कापू.

बनी गेला तोही याच हिशेबानं. फरक कळणारे होते, पण कळलेल्या फरकाचे पैसे ज्याला मिळायला हवेत त्याला मिळत नव्हते. परीक्षक निवडायचे नियम मला म्हणून फक्त चहा-बिस्किटांच्या कंपन्यांचे वाटत नाहीत. नाव झाका, निकाल उघडा ठेवा, परीक्षकालाही परत परत तपासा, आणि ज्यानं खरा फरक ओळखला त्याला त्याचा मोबदला द्या. यातलं चौथं कलम आयएसओच्या मानकात नाही. वर्ध्याच्या मानकात ते पहिलं असायला हवं.